पानियेच्या पायऱ्या

दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेच्या जुन्या बंदराकडे पाठ करून उत्तरेच्या धक्क्यावर उभं राहिलं, की समोर एकावर एक अशी दोन शहरं दिसतात. पाण्यालगतचं शहर सरळ रेषेत उभं आहे. सारख्या उंचीच्या दगडी इमारती, खोल सज्जे, खाली रेस्टॉरंटांच्या खुर्च्या. त्यांच्या मागे टेकडीवर दुसरं शहर. तिथली एकही भिंत शेजारच्या भिंतीला नीट काटकोनात भेटत नाही, कौलांचे उतार मनाला येईल तिकडे वळतात आणि समोरासमोरच्या खिडक्यांमध्ये ताणलेल्या दोरीवर कुणाच्या तरी चादरी वाळत असतात. या वरच्या शहराचं नाव ल पानिये. सतराव्या शतकात इथे त्या नावाची एक खानावळ होती. तिच्यावरून आधी गल्लीला आणि मग साऱ्या वस्तीला हे नाव पडलं. वस्ती मात्र नावापेक्षा कितीतरी जुनी. इसवीसनापूर्वी ६०० च्या सुमारास आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या फोकाया नगरातून आलेल्या ग्रीक खलाशांनी याच टेकडीच्या कुशीत मस्सालिया वसवलं आणि तेव्हापासून इथे माणसांचा राबता कधी थांबलेला नाही.

पानियेत शिरायची घाई सगळ्यांनाच असते. पण वर चढण्याआधी त्या खालच्या सरळ रेषेपाशी थोडं थांबावं, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. कारण ती रेषा सुरुंगांनी आखलेली आहे.

१९४३ च्या जानेवारीपर्यंत टेकडी पाण्यापर्यंत अखंड उतरत होती. बंदराला लागून असलेल्या सँ-जाँ भागात कोळी होते, गोदी कामगार होते, नेपल्सहून आणि कोर्सिकाहून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबं होती, उत्तरेकडून जीव वाचवत आलेले ज्यू होते. दारूचे गुत्ते आणि वेश्यागृहंही होती, आणि बाहेरच्या जगानं या वस्तीकडे पाहताना एवढंच पाहिलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्य मार्सेत शिरलं. जानेवारीच्या सुरुवातीला त्यांच्या सैनिकांवर बॉम्बहल्ले झाले आणि नाझी एसएसचा प्रमुख हिमलर याचा हुकूम आला की शहराची साफसफाई करा. २२ जानेवारीला धरपकड सुरू झाली. जर्मनांच्या बरोबरीनं, किंबहुना त्यांच्यापेक्षा मोठ्या संख्येनं, फ्रेंच पोलीस त्यात होते. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारचा पोलीसप्रमुख रने बुस्के आणि जर्मन अधिकारी यांचा नगरभवनातला एक फोटो त्या दिवसांतला आहे. फरची कॉलर असलेला कोट घातलेला बुस्के त्यात हसतो आहे.

२४ जानेवारीच्या रविवारी सकाळी सुमारे वीस हजार माणसांना घराबाहेर काढण्यात आलं. हाताला लागेल तेवढं घ्या आणि निघा. त्यांतल्या हजारोंना गाड्यांत भरून फ्रेज्युसच्या छावणीत नेलं. शहरभरच्या धरपकडीत सापडलेल्या १,६४२ जणांना मालगाडीच्या डब्यांतून कॉम्पिएन्यच्या छावणीत पाठवलं. त्यांत जवळजवळ आठशे ज्यू होते. या ज्यूंची रवानगी पुढे सोबिबोरच्या मृत्युछावणीत झाली. वस्ती अशी रिकामी झाल्यावर १ फेब्रुवारीपासून गल्लीमागून गल्ली सुरुंग लागत गेले. चौदा हेक्टर जमीन, दीड हजार इमारती.

या उद्ध्वस्तीकरणाची एक बाजू मला फार दिवस छळत राहिली आहे. विध्वंस आंधळा नव्हता. सतराव्या शतकातलं नगरभवन राखलं गेलं. हिऱ्यासारख्या पैलूंचे दगड दर्शनी भिंतीत बसवलेला सोळाव्या शतकातला वाडा, मेझों दियामांते, राखला गेला. १५३५ मधला ओतेल द काब्र राखला गेला. हे शेवटचं घर तर आणखी विलक्षण. युद्धानंतर नवे रस्ते आखले गेले तेव्हा ते तिरकं पडायला लागलं, म्हणून १९५४ मध्ये अख्खं घर उचलून नव्वद अंशांत फिरवण्यात आलं. आज त्याच्या कोपऱ्यावर उभं राहिलं तर त्याच्या दगडावर कोरलेलं रस्त्याचं नाव एक आणि समोरचा रस्ता भलताच. स्थापत्याची किंमत जाणणारी माणसं त्या यादीमागे होती. कुठली भिंत मोलाची हे त्यांना नेमकं कळत होतं. भिंतीआडच्या माणसांसाठी अशी कुठलीच यादी नव्हती.

पाण्यालगतच्या नव्या इमारती पन्नासच्या दशकात उभ्या राहिल्या. त्यांवर मुख्य हात फेर्नाँ पुयों या वास्तुकाराचा. मला त्या आवडतात. भरीव दगड, दुपारच्या उन्हाला आत न येऊ देणारे सज्जे, बोटींकडे तोंड करून बसलेली घरं. युद्धानंतर घाईनं उभं राहिलेलं बरंचसं बांधकाम पाहिलं की पुयोंनं किती जिव्हाळ्यानं काम केलं ते कळतं. त्याच्या इमारतींच्या पायाखोदाईच्या निमित्तानं १९४७ मध्ये इथे रोमन गोदामं सापडली. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले प्रचंड रांजण, वाइन साठवायचे. आता ते तिथेच, इमारतीच्या तळमजल्यावर, छोट्या संग्रहालयात पाहायला मिळतात. घरं उडवली नसती तर ते रांजण कदाचित कधीच दिसले नसते. ही गोष्ट तिथे फलकावर मोठ्या आनंदानं सांगितलेली असते आणि मला त्या आनंदात सामील होता येत नाही.

या खेपेला माझ्याबरोबर बाबा होते. मी लियोंला राहते. बाबा उन्हाळ्यात आले की पहिल्या आठवड्यातच म्हणतात, “मार्सेलिसला कधी जायचं?” त्यांच्या तोंडी शहराचं नाव शाळेच्या पुस्तकातलं आहे आणि त्यांना तिथे बघायची आहे फक्त गोदी, जिथे मोरिया बोटीतून सावरकरांनी उडी मारली. म्हटलं, “बाबा, आधी पानिये बघू, मग चालत चालत गोदीकडे उतरू. तुम्हाला पायऱ्या झेपतील ना?” त्यांनी उत्तर दिलं नाही, पायऱ्या चढायला सुरुवात केली.

मोंते दे-झाकूल ही त्या पायऱ्यांची चढण. तिच्या तोंडाशी एक घंटाघर एकटंच उभं आहे. त्याचं चर्च क्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, पाडलं गेलं. पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या नागरिकांच्या सभा तिथे भरत, ही त्याची शिक्षा. घंटा मात्र वेळ सांगायला हवी म्हणून मनोरा राहू दिला. थोडं वर उजव्या हाताला ओतेल-द्यो, शहराचं अठराव्या शतकातलं भव्य इस्पितळ. ते १९९३ पर्यंत चालू होतं. जुन्या मार्सेकरांपैकी कितीतरी जणांचा जन्म तिथला. २०१३ पासून ते पंचतारांकित हॉटेल आहे. गच्चीवरून बंदर फार सुंदर दिसतं म्हणतात.

पायऱ्या संपल्या की गल्ल्या सुरू होतात आणि इथे नकाशा खिशात ठेवावा. गल्ल्या अरुंद आहेत त्या मिस्त्रालसाठी. रोनच्या खोऱ्यातून हा वारा सुटला की उघड्या चौकात उभं राहवत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. पण गल्लीत एक वळण घेतलं की तो डोक्यावरून निघून जातो आणि ऊन तेवढं भिंतीवर राहतं. घरं चार-पाच मजली, एका मजल्यावर दोन खिडक्या, कधी तीन. दारात कुंड्या, पत्र्याच्या डब्यांत लावलेली तुळशीच्या जातीची झुडपं, मांजरं. भिंतींवर ग्राफिटी. गेल्या काही वर्षांत ती इतकी वाढली आहे की परदेशी प्रवासी केवळ तिच्यासाठी येतात. काही चित्रं खरोखर चांगली आहेत. पुष्कळशी प्रवाशांच्या फोटोंसाठीच काढलेली वाटतात.

माझं लक्ष मात्र गल्ल्यांच्या नावांकडे जातं. रू द्यु रफ्यूज, म्हणजे आसऱ्याची गल्ली. रू दे रपाँती, पश्चात्तापदग्ध स्त्रियांची गल्ली. ‘वाट चुकलेल्या’ बायकांना जिथे कोंडून ठेवत त्या मठांच्या या खुणा. धर्मादाय आणि तुरुंग यांच्यातली भिंत त्या काळी फारच पातळ होती, आणि ती किती पातळ होती हे पाहायचं असेल तर वस्तीच्या मधोमध असलेल्या व्येय शारितेत जावं लागतं.

व्येय शारिते हा मी पाहिलेला फ्रान्समधला सगळ्यात सुंदर चौक आहे, हे मी पूर्ण विचार करून म्हणते. मोठा आयताकृती चौक, चारही बाजूंना तीन मजली कमानींच्या पडव्या, मधोमध अंडाकृती घुमटाचं देवघर. दगड गुलाबीकडे झुकणारा पिवळा. सकाळी तो फिकट असतो आणि दुपार कलली की आतून तापल्यासारखा होतो. याचा शिल्पकार पिएर प्युजे. राजदरबारानं नावाजलेला मूर्तिकार आणि वास्तुकार, आणि जन्मानं इथलाच, पलीकडच्या रू द्यु पती-प्यूईचा. १६७१ मध्ये पायाचा दगड बसला. काम रेंगाळत रेंगाळत १७४९ पर्यंत चाललं.

पण हे बांधलं कशासाठी? भिकाऱ्यांना कोंडण्यासाठी. सतराव्या शतकात फ्रेंच राजसत्तेनं शहरोशहरी गरिबांना बंदिस्त करायचं ठरवलं. मार्सेत त्यासाठी खास शिपाई ठेवलेले होते. रस्त्यात भीक मागणारा माणूस दिसला की धरून इथे आणायचा. परगावचा असेल तर हाकलून द्यायचा, इथला असेल तर आत कामाला लावायचा, पोरं असतील तर घरकामाला किंवा उमेदवारीला द्यायची. आता पुन्हा त्या पडव्यांकडे पाहावं. आतल्या चौकाकडे त्या किती उदारपणे उघडतात. बाहेरच्या, गल्लीच्या बाजूला मात्र मूळच्या इमारतीला जवळजवळ कोऱ्या भिंती. ज्यांना हे सौंदर्य पाहायला मिळालं त्यांना दुसरं काही पाहायची मुभा नव्हती.

प्युजेनं गरिबांसाठी एवढं देखणं का बांधलं, असा प्रश्न बाबांनी विचारला. ते एका खांबाला टेकून बसले होते. मी म्हटलं, नगरसेठांना देवासमोर आणि राजासमोर आपली करुणा दाखवायची होती. त्यांना हे उत्तर पटलं नाही. “बांधणारा इथलाच ना? याच गल्लीतला? मग त्यानं आपल्या माणसांसाठी बांधलं,” ते म्हणाले. त्या दुपारी मी याच्यावर वाद घातला. आता मला वाटतं, दोन्ही खरं असू शकतं.

शारितेची पुढची कथाही वस्तीच्या कथेपासून वेगळी काढता येत नाही. विसाव्या शतकात तिथे सैनिक राहिले. १९४३ नंतर बेघर झालेली खालच्या सँ-जाँची कुटुंबं याच पडव्यांमागच्या खोल्यांत येऊन राहिली. भिंती ढासळत होत्या, छत गळत होतं, माणसं दाटीनं राहत होती. त्या सुमारास वास्तुकार ल कॉर्बुझिए मार्सेत आपली प्रसिद्ध वसाहत बांधत होता. त्यानं या वास्तूच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधलं. १९५१ मध्ये तिला संरक्षण मिळालं. साठच्या दशकात रहिवाशांना हलवून डागडुजी सुरू झाली, ती १९८६ मध्ये पुरी झाली. आज आत भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या पुरातत्त्वाचं आणि आफ्रिका, ओशनिया, अमेरिका खंडांतल्या कलांचं अशी संग्रहालयं आहेत. दोन्ही पाहण्यासारखी आहेत. पण घाईत असाल तर संग्रहालयं सोडा, चौक सोडू नका.

शारितेतून पश्चिमेला निघालं की काही मिनिटांत समुद्र उघडतो. उजवीकडे ला माजोर, पट्टेदार दगडांचं अवाढव्य कॅथीड्रल. ते १८५२ ते १८९३ या काळात बांधलं आणि त्याला जागा करून देण्यासाठी शेजारचं बाराव्या शतकातलं जुनं चर्च अर्धं कापलं. उरलेला अर्धा भाग अजून तिथे कुशीला उभा आहे. मला हे नवं कॅथीड्रल जड वाटतं. त्यावर मी फार वेळ घालवत नाही. डावीकडे सँ-लोराँचं साधं, रुंद खांद्यांचं कोळ्यांचं चर्च आणि त्यापुढे ला तुरेतचं पटांगण. इथे थांबायलाच हवं.

२५ मे १७२० ला ग्राँ-सँत-आंत्वान नावाचं जहाज लेव्हंटहून, म्हणजे भूमध्याच्या पूर्व किनाऱ्यावरून, रेशीम आणि कापूस घेऊन आलं. वाटेत त्यावर माणसं मेली होती. कप्तान शातोनं ते कळवलंही होतं. असं जहाज महिना-दीड महिना दूरच्या बेटाशी अलग ठेवायचं हा नियम मार्सेनं कित्येक दशकं कडकपणे पाळला होता. सँ-जाँच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आरोग्यखात्याची १७१९ मधली कचेरी आजही दिसते, म्हणजे त्या वेळी ती नवी कोरी होती. पण माल श्रीमंतांचा होता, त्यांतले काही शहराचे कारभारी होते आणि जुलैत बोकेरची मोठी जत्रा भरणार होती. माल नेहमीच्या कडक वाटेनं न जाता शहराजवळच्या आरोग्यगृहात उतरला. तिथून कापडाचे तुकडे चोरूनलपून बाहेर आले आणि प्लेग टेकडीवरच्या दाट गल्ल्यांत शिरला. नव्वद हजारांच्या आसपास वस्तीच्या शहरात चाळीस हजार माणसं मेली.

सप्टेंबरपर्यंत ला तुरेतच्या या पटांगणावर प्रेतं आठवडेच्या आठवडे उन्हात पडून होती. १६ सप्टेंबरला शव्हालिए रोझ नावाच्या अधिकाऱ्यानं सैनिक आणि गलबतांवरचे शिक्षेचे कैदी घेऊन सुमारे बाराशे प्रेतं जवळच्या पोकळ बुरुजांत ढकलली आणि वर चुना टाकला. त्या कैद्यांतले फारच थोडे वाचले. रोझ वाचला. शहरात त्याचं स्मारक आहे. कैद्यांना सुटकेचं आश्वासन देऊन कामाला जुंपलेलं होतं.

आता इथे मुलं फुटबॉल खेळतात, आणि सँ-जाँच्या किल्ल्याकडे जाणारा एक बारीक काळा पूल हवेत तरंगतो. किल्ल्यावरून तसाच दुसरा पूल २०१३ मध्ये उघडलेल्या भूमध्य संस्कृतींच्या संग्रहालयाच्या छतावर जातो. बाबांना दोन्ही पूल ओलांडायचे होते आणि आम्ही ते ओलांडले.

मधल्या वेळी आम्ही प्लास द लाँशवर बसलो होतो. उतरता चौक, जिथे ग्रीकांचा बाजारचौक होता असं मानतात. तिथे पानीस मागवलं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, थापून गार करायचं, काप करून तळायचं. पहिला घास घेतल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ही तर पाटवडी!” इटलीच्या जेनोवाकडून हे खाणं किनाऱ्याकिनाऱ्यानं इकडे आलं आणि गरिबांच्या घरात राहिलं. शेजारच्या टेबलावर वस्तीतल्या चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात घरभाड्याचा विषय होता, तेवढं मला कळलं.

घरभाडं हा आजच्या पानियेचा विषयच आहे. दाराच्या चौकटींशेजारी किल्ल्या ठेवायच्या आकडेवाल्या लहान पेट्या लटकलेल्या दिसतात. प्रत्येक पेटी म्हणजे प्रवाशांना दिवसावर दिलेलं एक घर. साबणाची दुकानं, चिनीमातीची दुकानं, पुन्हा साबणाची दुकानं. वाणसामान घ्यायला मात्र खाली उतरावं लागतं. कोर्सिकन गेले, नेपोलितन गेले, नंतर अल्जीरियातून, कोमोरोस बेटांवरून लोक आले. त्यांनी पडकी घरं स्वस्तात घेऊन, भाड्यानं राहून ही टेकडी जिवंत ठेवली. आता ती देखणी झाली तेव्हा त्यांनाच ती परवडेनाशी झाली आहे. मार्सेत जुन्या घराचं दुर्लक्ष किती जीवघेणं असतं हे ५ नोव्हेंबर २०१८ ला दिसलं. बंदराच्या दुसऱ्या बाजूला नोआय भागात रू दोबान्यवरच्या जीर्ण इमारती कोसळून आठ माणसं गेली. म्हणजे डागडुजी नको असं कुणी म्हणू शकत नाही. घर सावरायचं आणि त्यातला माणूसही तिथेच ठेवायचा, एवढं शहराकडून मागणं जास्तीचं आहे का? माझ्या मते हे शहराचं पहिलं काम आहे.

दुपार उतरू लागली तेव्हा आम्ही पानियेच्या पूर्वेच्या कडेनं रू द ला रेप्युब्लीकवर उतरलो. हा रुंद, पॅरिसच्या धर्तीचा रस्ता १८६४ मध्ये खुला झाला. तेव्हा त्याचं नाव सम्राटावरून होतं. तो बांधायला टेकडी अक्षरशः कापली, हजारो लोकांची घरं पाडली. पानियेच्या गल्ल्या इथे एकदम तुटतात आणि उंच पायऱ्यांवरून रस्त्यावर येतात, त्या कापामुळे. हा रस्ता हवा होता तो जुनं बंदर आणि नवं बंदर जोडायला. वाफेच्या मोठ्या बोटींना जुनं बंदर पुरेना, म्हणून उत्तरेला ला जोलिएतची गोदी बांधली. ती १८५३ मध्ये वापरात आली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईची वाट इथून सुरू होऊ लागली. विलायतेला निघालेली कितीतरी हिंदुस्थानी माणसं मार्सेला उतरून पुढे आगगाडीनं जात. त्यामुळे बिस्केच्या उपसागराचा वळसा आणि तिथली खवळ वाचे. पानियेची टेकडी चिरली गेली त्या हिशेबात आमच्याकडचा कापूस, आमच्याकडच्या तेलबिया, आमच्याकडचे प्रवासी, सगळं होतं. हे मी बाबांना रस्त्याच्या मध्यावर उभं राहून सांगितलं. ते म्हणाले, “पुढे चल.”

आणि मग ते ज्यासाठी आले होते ती गोदी. मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. १ जुलैला मोरिया त्यांना घेऊन हिंदुस्थानाकडे निघाली आणि मार्सेला थांबली. ८ जुलैच्या सकाळी शौचकूपाच्या पोर्टहोलमधून त्यांनी स्वतःला बाहेर लोटलं, पोहत धक्का गाठला, वर चढले आणि धावले. मागून पहारेकरी “चोर, चोर” करत. फ्रेंच पोलिसानं त्यांना धरलं आणि पाठलाग करणाऱ्यांच्या हवाली केलं. आपण फ्रेंच भूमीवर आहोत, आपल्याला इथल्या न्यायाधीशापुढे न्या, हे त्यांचं म्हणणं त्या पोलिसापर्यंत पोचलं नाही. मोरिया पुढे निघाली. मग जाँ लाँगेनं ल्युमानिते वृत्तपत्रातून आवाज उठवला. हा लाँगे कार्ल मार्क्सचा नातू. फ्रान्सनं कैदी परत मागितला आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा की कैदी सोपवण्यात अनियमितता झाली, पण म्हणून त्याला परत द्यायचं बंधन ब्रिटनवर नाही. तोवर मुंबईत दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या.

बाबांना हे सगळं पाठ आहे, मला त्यांच्याकडूनच माहीत. पण आज ते गोदीकडे पाहतच नव्हते. ते मागे वळून टेकडीकडे पाहत होते, जिथून आम्ही उतरलो होतो.

“त्या सकाळी धक्क्यावर हमाल असतील ना?”

“असतीलच. बोट लागली होती.”

“ते कुठे राहायचे?”

“वर. पानियेत. खाली सँ-जाँत.”

“म्हणजे त्यांनी पाहिलं असेल. ओला माणूस पळतोय, मागे शिपाई. त्यांना वाटलं असेल चोर.” ते थोडं थांबले. “आणि तेहतीस वर्षांनी त्यांच्याच पोरांच्या दारात पोलीस आले.”

मी या दोन गोष्टी कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. माझ्यासाठी गोदी बाबांची होती आणि टेकडी माझी. वस्तीतल्या ज्यांनी १९४३ पाहिलं त्यांतले काही जण अजून आहेत. त्यांच्या तक्रारीवरून २०१९ मध्ये पॅरिसच्या सरकारी वकिलांनी मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून चौकशी सुरू केली. म्हणजे शहाहत्तर वर्षांनी. हेही मी त्यांना सांगितलं. किल्ल्याच्या पायथ्याशी, जर्मनांनीच बांधलेल्या एका बंकरमध्ये, हद्दपारांचं स्मारक आहे, हेही सांगितलं.

“मग ते आज का दाखवलं नाहीस?”

“बंद व्हायची वेळ झाली होती, बाबा. उद्या जाऊ.”

“उद्या उलटं चालू या,” ते म्हणाले. “इथून सुरुवात करू. या गोदीवरून वर.”

तसंच केलं आणि आता मी ही वाट इतरांनाही सुचवते. ला जोलिएतला मेट्रोनं उतरा. रू द ला रेप्युब्लीक टाळा, कॅथीड्रलच्या बाजूनं चढा, शारितेत सकाळी शिरा, तेव्हा चौक रिकामा असतो. प्लास दे मुलाँवर, जिथे पूर्वी पवनचक्क्यांची रांग होती, झाडांखाली बसा. मग गल्ल्या जिथे नेतील तिथून खाली या, ओतेल द काब्रच्या कोपऱ्यावरचं ते चुकीचं वाटणारं नाव वाचा आणि नगरभवनापासून धक्क्यानं किल्ल्याकडे वळा. स्मारक डाव्या हाताला, पाण्याजवळ आहे. सोमवारी जाऊ नका. तिथली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात.